कारळाच्या फुलोऱ्याचा वसा

ऐक गे मोहोळमाउली, तुझी कहाणी. आटपाट गाव होतं, कड्याच्या पायथ्याशी. तिथं धोंडबा तेली राहायचा. त्याची सून चिमणा. एके सकाळी ती शेतावर गेली. घाण्यात गाळायचं कारळ पिवळंधमक फुललं होतं, पण शेतात गुणगुण नव्हती. चिमणा दचकली. मागं वळून पाहिलं, कोणी नाही. मग धावत घरी आली.

"मामंजी, शेत मुकं झालंय! कड्यावरची मोहोळं कुठं गेली?"

धोंडबा म्हणाला, "व्यापाऱ्यानं मध मागितला, मेण मागितलं. धूर केला, पिलांसकट सगळी पोळी कापून दिली."

"अहो, फुलोऱ्यात पोळं काढत नाहीत. पिलांचं तर कधीच नाही. थोरांनी घालून दिलेला वसा आहे!"

"पान हललं तरी तू दचकतेस, सूनबाई! आता काय माशीला घाण्याला जुंपू?" सगळं घर हसलं.

मग फुलं गळली. बोंडं पोकळ निघाली. मग घाणा थांबला. मग तेल्याच्याच देव्हाऱ्यात दिवा लागेना. त्याच व्यापाऱ्याशी बैल विकायची बोलणी सुरू झाली.

मग चिमणा कड्याखाली गेली. पदर पसरला, हाक मारली, "माउली, आहेस का?" कोणी बोललं नाही. मग तिनं वसा घेतला. फुलोऱ्यात धूर करू देणार नाही, पिलांचं पोळं कापू देणार नाही, बांधावरची झुडपं तोडू देणार नाही.

दुसऱ्या वर्षी कारळ फुललं. चिमणानं हाक मारली. कोणी बोललं नाही. मग व्यापारी आला. म्हणाला, "पलीकडच्या दरीत एक मोहोळ उरलंय. तेवढं काढून द्या, तुमचा बैल वाचेल."

धोंडबा कोयता घेऊन उठला. चिमणा दारात आडवी उभी राहिली.

"मामंजी, बैल वाचेल हो. पण तो घाण्याला जुंपून गाळणार काय?"

धोंडबानं कोरड्या घाण्याकडं पाहिलं. मग व्यापाऱ्याला म्हणाला, "बैल घेऊन जा. मोहोळ मिळायचं नाही."

बैल गेला. त्या वर्षी साऱ्या घरानं दुसऱ्याच्या बांधावर मजुरी केली.

तिसऱ्या वर्षी कारळ फुललं. चिमणा कड्याखाली गेली. मागोमाग धोंडबा गेला. चिमणानं हाक मारली. हाक कड्यावर आपटून परत आली. तिचे डोळे भरले.

धोंडबा म्हणाला, "पुन्हा बोलव, पोरी. मीही बोलवतो."

दोघांनी हाक मारली, "माउली, आहेस का?"

मग उंच कपारीतून गुणगुणत ओ आली, "आहे गं, लेकी."

जशी तिच्या हाकेला ओ मिळाली, तशी तुम्हां आम्हां मिळो. ही लांबलचक कहाणी, थोडक्या बोलांत, इथं फळाला आली.