नागाच्या शेजारचं वारूळ

माळावर माणसांची वस्ती नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. शेजारच्या बिळातला नाग मुंग्यांच्या वारुळात घुसला आणि त्यानं अर्धं वारूळ बळकावलं. बातमी कळताच रान मदतीला धावलं. बेडकांनी ओली माती आणली, खारीनं दाणे आणले, नागाला लोळवणारे मुंगूसदादाही माती घेऊन आले.

"चला, पडलेल्या भिंती बांधून घ्या," बेडूक म्हणाला.

म्हातारी मुंगी मधल्या भिंतीला कान लावून बसली होती. पलीकडे नाग सळसळत होता.

"तुमचे उपकार फार आहेत," ती हळूच म्हणाली. "पण आम्ही जेवढं बांधू, तेवढी त्याचीच सोय होईल. तो उरलेलं घ्यायला पुन्हा आला तर दाराशी कोण उभं राहील?"

सगळ्यांनी मुंगूसदादांकडे पाहिलं.

मुंगूसदादांनी नजर चुकवली. "उद्या मी आणखी माती पाठवतो," ते म्हणाले.