हरणाच्या मागची बाजू

“मग उद्या मी एकट्याने गाऊ की नको, आबा?”

दिगंबरने पुन्हा विचारलं, तेव्हा विश्रामआबा जमिनीवर बसून शेजारणींकडे बघत होते. शेजारणी म्हणजे पॅसिफिकमधल्या एका बेटावरून आलेल्या बायका. दालनाच्या मधोमध बसून त्या पानांची भलीमोठी चटई विणत होत्या.

हे प्रदर्शन दर तीन वर्षांनी भरतं. आशियातले आणि पॅसिफिक बेटांवरचे आजचे कलावंत समुद्रापलीकडच्या या शहरात येतात. यंदा कोकणातली चित्रकथी आली होती. एकेक चित्र गुडघ्यावर उभं धरायचं आणि त्याची कथा गायची, अशी ही कला. बोलावणं दिगंबरला होतं, चित्रं त्याची होती. त्याचे गुरू, विश्रामआबा, सोबत म्हणून आले होते.

उद्या उद्घाटन होतं. आबांच्या घराण्यात गुरूने वीणा हातात दिल्याशिवाय शिष्य एकटा गात नाही.

वीणा अजून आबांच्याच मांडीवर होती.

“गाऊन दाखव,” ते म्हणाले.

दिगंबरने आधी पांढरे हातमोजे चढवले. दालन सांभाळणाऱ्या बाईंनी तशी ताकीद दिली होती.

“मेल्या, स्वतःच्या चित्राला हात लावायला मोजे?”

दिगंबर हसला नाही. त्याने सोन्याच्या हरणाचं चित्र गुडघ्यावर उभं केलं. हरीण पळतंय, सीता बोट दाखवतेय. प्रदर्शनाच्या निमंत्रणपत्रिकेवरही हेच चित्र छापलं होतं.

तो गायला. आवाज गोड होता, ताना स्वच्छ होत्या. विणणाऱ्या बायकांचे हात थांबले. मोजेवाल्या बाईंनी टाळ्या वाजवल्या.

आबा गुडघ्यावर हात टेकून उठले, दिगंबरच्या मागे जाऊन उभे राहिले आणि त्याच्या खांद्यावरून वाकून चित्राची मागची बाजू पाहिली.

ती कोरी होती.

“रावण कुठे आहे?”

दिगंबरने समजावून सांगितलं. चित्रांच्या जुन्या पोथीत लागोपाठची दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवतात, हे त्याला माहीत होतं. पण इथे उद्याचं गाणं झालं की चित्रं भिंतीवर जाणार. मागची बाजू कोण बघणार? म्हणून रावण त्याने वेगळ्या कागदावर काढला होता. तो पलीकडच्या भिंतीवर लागलासुद्धा होता.

आबांनी सगळं ऐकून घेतलं.

“लोकांसमोर हरीण असतं, तेव्हा गाणाऱ्याच्या बाजूला रावण असतो,” ते हळू म्हणाले. “सीता हसत असते. लोकही हसत असतात. मला रावण दिसत असतो… आणि गायचं असतं हरणाचंच.”

दिगंबर कोऱ्या कागदाकडे बघत राहिला. इतकी वर्षं तो आबांच्या समोर बसून शिकला होता. या बाजूने त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

…

त्याने मोजे काढले. आत्ताच्या आत्ता मागे रावण रंगवतो म्हणाला, मग स्वतःच म्हणाला की घाईत काढलेला रावण नुसता मिशांचा होईल.

“होईल खरा,” आबा म्हणाले.

“मग उद्या तुम्हीच गा.”

हे बोलताना दिगंबरचे कान लाल झाले होते.

आबांनी त्याच्या गुडघ्यावरचं चित्र उचललं आणि उलटं करून पुन्हा तिथेच उभं केलं. आता हरीण दिगंबरकडे होतं आणि कोरी बाजू दालनाकडे.

मग त्यांनी वीणा त्याच्या हातात दिली.

“उद्या असंच गा.”

दिगंबरला आनंद करावा की घाबरावं ते कळेना. लोक चित्रं बघायला येणार होते. त्यांना मराठीचा एक शब्द येत नव्हता.

“कोरा कागद धरला तर त्यांना काय दिसणार, आबा?”

वीणेची तार जरा उतरली होती. आबांनी खुंटी पिळून ती लावून दिली.

“तुला दिसेल तेवढं.”