उकळत्या कढईचा नियम

अरिंदम राजाच्या काळी भोगवती नगरीत बोधिसत्त्व एका रंगाऱ्याच्या घरी जन्माला आला. त्याचे नाव सुचित. पुढे तो मणिकंठ नावाच्या व्यापाऱ्याच्या रंगशाळेत कारभारी झाला.

मणिकंठ फिर्यादींना वैतागला होता. कामगार उठसूट न्यायसभेत जात. तो म्हणाला, "सुचित, असे नियम कर की माझ्यावर फिर्याद करणाऱ्याची बोलतीच बंद झाली पाहिजे."

सुचिताने नियम केले. नवा माणूस आला की तो त्याला धन्यासमोर बसवून नियम सांगे आणि त्याच्याच बोलीत परत वदवून घेई. साक्षीला धनी हवाच, असा सुचिताचा हट्ट. मणिकंठ जांभया देत बसे, पण बसे.

नियम ठाऊक नव्हता असे म्हणायची सोय उरली नाही आणि फिर्यादी थांबल्या. कामगार मात्र सुचिताला धन्याचा माणूस म्हणू लागले. तो जवळ आला की त्यांचे हसणे थांबे. दुपारी तो एकटाच जेवी. वाईट वाटायचेच की! बोधिसत्त्व झाला म्हणून काय, चार शब्द बोलायला त्यालाही कुणीतरी हवे होते.

एक नियम असा होता : उकळती कढई उतरवायला दोघे हवेत. पण राजवाड्यात लग्न निघाले, लाल वस्त्रांची घाई उडाली आणि मणिकंठाने उत्तिय नावाच्या कामगाराच्या जोडीदाराला गाठोडी देऊन बाजारात पिटाळले. "अरे, एवढा धडधाकट गडी तू, एकट्याने उतरव," तो उत्तियाला म्हणाला. सुचित ते ऐकून धावला, पण तोवर कढई कलंडली होती. उत्तियाचा उजवा हात कायमचा गेला. घरात दोन लहान मुली. त्याने फिर्याद केली.

"त्याला नियम ठाऊक होता, एवढंच सांग," मणिकंठ सुचिताला म्हणाला.

"धनी, त्याच्या घराची सोय करा. अजून वेळ गेलेली नाही."

"मग नियम केले कशाला रे?"

"कुणाचा हात भाजू नये म्हणून."

न्यायसभेत सुचिताला विचारले, "उत्तियाला नियम ठाऊक होता?"

"होता. त्याने स्वतःच्या तोंडाने म्हणून दाखवला होता."

उत्तियाने मान खाली घातली. सुचित पुढे म्हणाला, "पण तेव्हा धनी शेजारीच होते. प्रत्येक नव्या माणसाबरोबर त्यांनीही तो ऐकला आहे. रंगशाळेत तो नियम त्यांच्याइतका कुणालाच ठाऊक नाही. तरी जोडीदाराला त्यांनीच पाठवले. 'एकट्याने उतरव' हे त्यांचे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले."

उत्तियाचे घर मणिकंठाने जन्मभर पोसावे, असा निवाडा झाला. मणिकंठाने सुचिताला त्याच दिवशी हाकलले. फितूर माणूस म्हणून इतर व्यापाऱ्यांनी दारे लावली. आणि कामगार? त्यांच्या मनातली अढी गेलीच नाही. उत्तियसुद्धा घाटावर भेटला की न बोलता पुढे जाई. सुचित नदीकाठी झोपडीत राहिला, तिथेच म्हातारा झाला. फार एकटे वाटे त्याला. पण नगरीतल्या कुठल्याही कढईपाशी आता दोघे उभे असत, हे त्याला दुरून दिसे.

विहारात भिक्षूंना ही कथा सांगून संपवल्यावर शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा मणिकंठ म्हणजे आपल्या विहाराशी हद्दीवरून भांडणारा शेजारचा जमीनदार. सुचित मीच होतो. ही सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता."

मागे बसलेल्या म्हाताऱ्या कप्पिल भिक्षूने विचारले, "भगवन्, आणि तो उत्तिय?"

"तू," शास्ते म्हणाले. "जरा पुढे येऊन बस. त्या जन्मी आपलं बोलायचं राहून गेलं."