गुणू तांडेलचं पाणी

समुद्राचं पाणी आजच्यासारखंच खाडीत येत होतं आणि जात होतं, पण खाडीवर पूल नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. खाडीच्या एका काठावर आडबंदर आणि दुसऱ्या काठावर शेवरेवाडी. मधोमध वाळूचं एक बेट, त्याला भाटी म्हणतात. ओहोटीला भाटी वर यायची आणि भरतीला बुडून जायची. भाटीवर तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, मुबलक मिळत, म्हणून दोन्ही गावं तिच्यासाठी भांडत. शेवटी कुणीतरी गोव्याहून चामड्याचा चेंडू आणला आणि ठरलं, दरवर्षी शिमग्यात भाटीवर फुटबॉल खेळायचा. जिंकेल त्याच्या तिसऱ्या.

या सामन्याला घड्याळ नव्हतं. भरतीचं पाणी गुडघ्याला लागलं की काठावरच्या बायका ओरडत, "पाणी इला!" आणि खेळ संपे.

आडबंदरचा गुणू तांडेल याच सामन्यात वाढला. त्याची आई चंद्रभागा तिसऱ्या काढायची. पाणी चढलं की बाकीच्या बायका घरी जात, ती मात्र पाण्यात उभी राहून पायाच्या अंगठ्याने चिखल चाचपायची, शिंपला अंगठ्यावर उचलायची आणि थेट टोपलीत उडवायची. गुणू ते बघायचा. पुढे तो चेंडूही तसाच उचलू लागला. पाणी घोट्यापर्यंत आलं की इतरांचे पाय जड होत आणि गुणूचे हलके होत, असं म्हणतात.

मोठा झाल्यावर गुणू आगबोटीवर खलाशी म्हणून निघाला. सगळं गाव म्हणालं, नाव काढून ये. आई एवढंच म्हणाली, "हरलंस तरी ये. पण लाजेन थंय रवू नको."

उत्तरेकडच्या एका थंड बंदरात आगबोट दुरुस्तीला थांबली. धक्क्यावर खलाशी खेळत होते, तिथे यान नावाच्या म्हाताऱ्या प्रशिक्षकाने गुणूला पाहिलं आणि आपल्या क्लबात पगारावर ठेवून घेतलं. त्या क्लबाचं नाव आडबंदरात कुणालाच धड उच्चारता येत नाही. जर्सीवर दीपस्तंभ होता म्हणून गाव त्याला दिव्याचा क्लब म्हणतं.

पण तिथलं मैदान कोरडं, आणि पायात बूट. गुणूचा अंगठा बुटात कोंडला गेला. चेंडू यायचा आणि निघून जायचा. गोल करायला आणलेला माणूस, आणि एकही गोल होईना. लोक ओरडत, "ए खलाशा, बोट सुटेल तुझी!" गुणू मान खाली घालून चालायचा. त्याला आईचे शब्द आठवायचे. आपण लाजून राहिलो आहोत, हे त्याला कळत होतं.

एक दिवस यान म्हणाला, "शनिवारी शेवटचा सामना. गोल झाला नाही तर मालक तुला सोमवारच्या बोटीत बसवणार. मी पुष्कळ भांडलो, पोरा."

शनिवारी आभाळ फाटलं. मैदानाचं तळं झालं. चेंडू लाथ मारली तरी जागचा हलेना. दोन्ही संघ चिखलात नुसते धडपडत होते. आता सामना रद्द करावा की काय, म्हणून पंच आभाळाकडे बघत होता. सामना रद्द झाला असता तर गुणूला गोल न करताच परतावं लागलं असतं.

गुणूने खाली पाहिलं. पाणी घोट्याला लागलं होतं. त्या देशात आल्यापासून तो पहिल्यांदा हसला. त्याने बूट काढले आणि कुंपणावर टांगले. पंच अजून वरच बघत होता, म्हणून त्याला ते दिसलं नाही, असं म्हणतात.

मग गुणूने चेंडू ढकलला नाही, अंगठ्याने खालून उचलला. पावलावर झेलला, पुन्हा उचलला. चेंडूला पाणी लागू न देता तो अख्खं मैदान ओलांडून गेला. अडवायला आलेले घसरून बसले. गोलरक्षकाच्या डोक्यावरून चेंडू असा गेला, जसा शिंपला टोपलीत जातो. आणि गुणू दोन्ही हात वर करून ओरडला, "आये, पाणी इला!"

लोकांना अर्थ कळला नाही, पण आवाज आवडला. सगळं मैदान ओरडू लागलं, "पाणी इला! पाणी इला!" त्यानंतर गुणू तिथे कित्येक वर्षं खेळला. यानने त्याच्या बुटाला अंगठ्यापाशी भोक पाडून दिलं, मग कोरड्या मैदानावरही गोल होऊ लागले. क्लबाला गोल हवा असला की ते हजारो गोरे लोक हीच आरोळी ठोकत.

एकदा आपल्याच गावचा भिवा खवणेकर आगबोटीतून त्या बंदरात आला. शहरातून आरोळी आली, "पाणी इला!" भरतीच आली असं वाटून भिवा घाबरला आणि सरसर डोलकाठीवर चढला. खरं काय ते कळल्यावर तो तिथेच बसून रडला म्हणे.

भिवाने गावी येऊन सगळं सांगितलं, तेव्हा चंद्रभागा भाटीवर होती.

"गोल झालो मां?" तिने विचारलं.

"झाले गे! मोजूक गावनत नाय इतके!"

"मगे तेका सांग, आता येवन जा."

भिवाने पुढच्या खेपेला निरोप पोचवला आणि गुणू आला. ओहोटीची वेळ होती. तो घरी न जाता विजारीचे पाय दुमडून थेट भाटीवर गेला आणि आईशेजारी उभा राहिला. तिने वर न बघताच विचारलं, "पाय अजून चलतत?" गुणूने चिखलात अंगठा घातला आणि एक शिंपला तिच्या टोपलीत उडवला.

"चलतत," ती म्हणाली.

आता खाडीवर पूल आहे, पण शिमग्यातला सामना भाटीवरच होतो. पाणी गुडघ्याला लागलं की खेळ थांबतो, पण कुणी घरी जात नाही. दोन्ही गावांच्या बायका पाण्यात उतरतात. सगळ्यांत म्हातारी बाई अंगठ्याने चेंडू उचलते आणि सगळे मिळून तो समुद्राकडच्या गोलात घालतात, गुणू ज्या दिशेला गेला त्या दिशेला. चेंडू परत आणायला एक होडी तयार ठेवलेली असते. तो गोल आडबंदरचा नसतो आणि शेवरेवाडीचाही नसतो. तो गुणूचा. आणि दोन्ही काठांवरची माणसं एका आवाजात ओरडतात, "आये, पाणी इला!"