दिवा लागला, सभा उठली

गोष्ट फार जुनी आहे. किती जुनी ते विचारू नका, कारण मला वाटतं ती अजून संपलेली नाही. सांगून सांगून मी कंटाळलोय, पण सांगतो.

एका गावाच्या कडेला मोठं तळं होतं. तळ्याच्या बांधाखाली, दगडधोंड्यांत, एक वस्ती होती. तिला खालची आळी म्हणत. ही माणसं गावात सगळ्यांत शेवटी आलेली, म्हणून त्यांना जागा शेवटची आणि सभेत बोलायची पाळीही शेवटची.

सभा पारावर भरे. एकेका घराने पाळीने बोलायचं, आणि देवळात दिवा लागला की सभा उठायची. खालच्या आळीची पाळी येईपर्यंत दिवा लागलेला असायचा. तोंड बंद ठेवा असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं हो, नुसता दिवा लागायचा.

पाण्याच्या पाळ्या सभेत ठरत. जो बोललाच नाही त्याला पाणी कुठलं? तळ्याखाली राहून त्यांची शेतं कोरडी. मग ती माणसं दुसऱ्यांच्या शेतात राबायची, आणि गाव त्यांच्या पडीक रानाकडे बोट दाखवून म्हणायचं, "आळशी लोक. असल्यांचं काय ऐकायचं?"

त्या आळीत धुरपा नावाची बाई राहायची, म्हाताऱ्या सासऱ्याबरोबर. एका वर्षी पाऊस सरला, तळं काठोकाठ भरलं, आणि एका सकाळी धुरपाच्या चुलीतली राख ओली निघाली. दुसऱ्या दिवशी जास्त ओली. बांधाच्या पायथ्याशी जाऊन पाहिलं तर गढूळ पाणी पाझरत होतं. बांध आतून खचत होता. फुटला तर आधी खालची आळी जाणार, हे तिला लगेच कळलं.

ती पाटकऱ्याकडे गेली. गावाच्या पाटांवर आणि बांधावर देखरेख त्याचीच. तो म्हणाला, "सभेत मांडा. सभेने सांगितल्याशिवाय मी फावडं उचलत नाही."

"मग आम्हीच माती टाकतो," धुरपा म्हणाली.

"ज्याला पाण्याची पाळी नाही, त्याने बांधाला हात लावायचा नाही. रीत आहे."

धुरपा सभेला जाऊन बसली. त्या दिवशी देवीच्या पालखीला पहिला खांदा कुणाचा, यावर वाद पेटला होता. मधेच ती उठून म्हणाली, "पाटील, बांध पाझरतोय."

पाटील काही वाईट माणूस नव्हता. तो मायेनंच म्हणाला, "बस बाई. पाळी आली की सांग. नियम सगळ्यांना सारखा."

खांद्याचा वाद मिटेना. दिवा लागला, सभा उठली. पुढच्या सभेतही तेच झालं. पाटलाला वाटेत गाठलं तर तो म्हणाला, "सभेतली गोष्ट सभेतच."

धुरपा घरी आली तेव्हा सासरा ओल्या चुलीपाशी बसला होता. तो म्हणाला, "माझा बापही असाच जाऊन बसायचा आणि उठून यायचा. मीही तेच केलं. आता तू."

धुरपाने मग गावाचा नाद सोडला. आळीतली माणसं, शेळ्या, गाडगी-मडकी, सगळं तिने माळावर नेलं. सासरा मात्र हलेना.

"मामंजी, उठा."

"उठून उठूनच जन्म गेला, पोरी. आता मी बसतो."

ती हात धरून ओढत होती, विनवत होती. तो जागचा हलला नाही. शेवटी ती माळावरून दोन गड्यांना आणायला धावली, की म्हाताऱ्याला उचलूनच न्यावं. ती माळ चढते तोच बांध फुटला. भर दुपार होती. चूल, झोपडी आणि म्हातारा, काही उरलं नाही.

तळं रिकामं झालं. वरच्या शेतांतलं उभं पीक वाळायला लागलं, तेव्हा गाव माळावर आलं. पाटील मान खाली घालून म्हणाला, "धुरपाबाई, आज पहिली पाळी तुमची. बोला."

धुरपा शेळ्यांना दावी बांधत होती. तिला राग आला होता, पण त्याहून जास्त ती दमली होती. ती म्हणाली, "मला तळ्याबद्दल बोलायचं होतं, पाटील. तळं गेलं. आज बोलले, असं घरी जाऊन सांगायला एक म्हातारा होता, तोही गेला. आता काय बोलू?"

ती आणि तिची आळी डोंगरापलीकडे निघून गेली. उन्हाळ्यात वरचं गावही पोटासाठी बाहेर पडलं. परक्या गावात त्यांना राहायला दगडधोंड्यांची जागा मिळाली. तिथल्या सभेत पाटील सगळ्यांच्या मागे बसला आणि आपली पाळी यायची वाट बघू लागला. बघता बघता दिवा लागला.

तात्पर्य: ज्याला आपण शेवटी बसवतो त्याच्याच दारात संकट आधी येतं, म्हणून त्याचं आधी ऐकावं.