वठलेली बाभूळ आणि मोहरलेला आंबा

एका गावात एक बांध होता. बांध म्हटला की भांडण आलंच, असं तुम्ही म्हणाल. पण या बांधावरून तीन पिढ्यांत कुणी कुणाच्या अंगावर धावून गेलं नव्हतं. बांधाच्या वर एका शेतकऱ्याचं विहिरीच्या पाण्यावरचं रान होतं, बांधाच्या खाली एका विधवा बाईचं कोरडवाहू रान होतं, आणि मधोमध बांधावर एक जुनी बाभूळ उभी होती.

बाभळीचा बुंधा एकाच्या कवेत मावत नसे. पण दोन पावसाळे आले नि गेले, तिला पालवी म्हणून फुटली नाही. साल सुटायला लागली. सुगरणींनीसुद्धा आपले खोपे दुसरीकडे बांधले. तेव्हा बाभूळ वठली, हे शेवटी सगळ्यांनी मान्य केलं.

आता वठलेलं झाड तोडायचं म्हटलं, की लाकूड कुणाचं हा प्रश्न येतो. त्या गावात त्याला एक जुना नियम होता. बांध दोघांचा, झाड दोघांचं, पण तोडलेलं झाड ज्याच्या रानात आडवं होईल, त्याचं लाकूड. नियम लहान पोरांनाही पाठ होता. तो कुणी केला आणि का केला, हे मात्र कुणी विचारत नसे. पाठ असलेल्या गोष्टीचं असंच होतं.

खालच्या बाईला ती बाभूळ हवी होती, कारण वीस दिवसांवर तिच्या लेकीचं लग्न आलं होतं. गावजेवण घालायचं तर दोनशे पानं उठणार. भात, आमटी, लापशी, सगळं मोठ्या चुलाण्यावर शिजवायचं. तिच्याकडे जळण म्हणून काय, तर थोड्या गोवऱ्या आणि ज्वारीची धसकटं. धसकटं भुरुभुरु जळतात आणि पाण्याला आधण येण्याआधी संपतात. बाभळीचा निखारा तसा नसतो, तो धरून राहतो. म्हणून ती रोज रानात आली की एकदा बाभळीकडे बघून घ्यायची आणि मनाशी म्हणायची, झालं, लेकीचं लगीन निभावलं.

वरच्या शेतकऱ्याला बाभूळ कशाला हवी होती, ते सांगणं जरा अवघड आहे. त्याच्या घरामागे जळणाचा एवढा ढीग होता, की दोन पावसाळे निघाले असते. पण ढीग असणाऱ्यालाच आणखी ढीग हवासा वाटतो. शिवाय, "ही बाभूळ माझ्या आज्यानं लावली," असं तो सांगत फिरे. बाभूळ कुणी लावत नाही, ती शेळीच्या लेंडीतून आपसूक उगवते, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण श्रीमंताच्या आज्याबद्दल कोण बोलणार?

या शेतकऱ्याच्या बायकोला मात्र बाभळीचं काही पडलं नव्हतं. तिचा जीव एका आंब्यात होता. बांधापासून थोड्या अंतरावर तिने सात वर्षांपूर्वी एक कोय लावली होती. विहिरीच्या पाटाचं पाणी तेवढं उंच चढत नसे. आणि आंबा होता उंचवट्यावर. म्हणून सात वर्षं, उन्हाळा असो की हिवाळा, ती डोक्यावर कळशी घेऊन त्या आंब्याला पाणी घालत आली होती. त्या माघात आंब्याला पहिल्यांदा मोहर आला. ती येणाऱ्या-जाणाऱ्याला हाताला धरून नेऊन तो मोहर दाखवत असे. लोक हसत. ती म्हणे, "हसा, हसा. कैऱ्या मागायला आलात की मी हसंन."

लग्नाला वीस दिवस उरले तेव्हा शेजारच्या गावातून एका म्हाताऱ्या लाकूडतोड्याला बोलावलं. रिवाजाप्रमाणे दोन्ही रानांचे धनी बांधावर हजर राहिले. लाकूडतोड्याने लगेच घाव घातला नाही. तो बाभळीभोवती दोन वेढे फिरला, कुऱ्हाडीच्या बोथट बाजूने बुंधा ठोकून पाहिला, मान वर करून फांद्या न्याहाळल्या आणि म्हणाला, "झाडाचं अंग खाली हाय. समद्या जाड फांद्या खालच्या रानावर हायेत. तोडलं की ते खालीच बसंल. खाली ज्वारी निघून रान मोकळं झालंय. कुणाचं काय जायचं न्हाई."

खालच्या बाईचा चेहरा उजळला. वरच्या शेतकऱ्याचा उतरला.

"अंग खाली असू दे," तो म्हणाला. "मोटंचा नाडा, तो जाड दोर, बांधू आन् वर ओढू. माझ्या दोन बैलजोड्या काय नुसत्या कडबा खायाला हायेत?"

"मालक, ओढून पाडलेलं झाड कुणाचं ऐकत न्हाई," लाकूडतोड्या म्हणाला. "खुंटावर गरकन फिरतं. मग ते कुठं बसंल, ते त्याचं त्यालाबी ठावं नसतं."

"मी जागा बघून ठेवलीय. गहू आन् आंबा, दोन्हीच्या मधी दहा हात पट्टा मोकळा हाय. तिथं घालू."

खालची बाई पुढे झाली. ती म्हणाली, "भाऊजी, ओढून पाडायचं, असं कुठं ठरलं हुतं?"

"ओढायचं न्हाई, असं तरी कुठं ठरलं हुतं, वहिनी?" शेतकरी म्हणाला. "ज्याच्या रानात पडंल त्याचं, एवढंच ठरलंय. गावाला विचारा."

नियमाच्या शब्दात त्याचं काही चुकत नव्हतं. तिच्याकडे बैल नव्हते, नाडा नव्हता, आणि लेकीचं लग्न तोंडावर असताना भांडायला वेळही नव्हता. ती बांधावर खाली बसली.

तेवढ्यात शेतकऱ्याची बायको कळशी घेऊन आली. काय चाललंय ते तिने एका नजरेत ओळखलं. नवऱ्याला बाजूला घेऊन ती हळूच म्हणाली, "अहो, त्यांच्या लेकीचं लगीन हाय. आपल्या घरामागं ढीग पडलाय. पडू द्या की खाली."

"तू तुझ्या आंब्याला पाणी घाल. बांधाचं मी बघतो."

"निदान आंब्याच्या बाजूला तरी ओढू नका."

"तुझ्या आंब्याच्या पानालाबी धक्का लागायचा न्हाई," तो म्हणाला. आणि खरं सांगायचं तर, त्याला तसं मनापासून वाटत होतं.

लाकूडतोड्याने कुऱ्हाड खांद्यावरून उतरवली आणि बांधाला टेकवून ठेवली. "तोडणं माझं काम. ओढणं न्हाई," असं म्हणून तो लांब जाऊन बसला. मग शेतकऱ्याने ती कुऱ्हाड स्वतःच उचलली. दोन गडी झाडावर चढून उंचावर दोन फांद्यांच्या बेचक्यात नाडा बांधून आले, दोन्ही बैलजोड्या जुंपल्या, आणि घाव पडायला लागले. बाभळीचं लाकूड कठीण. तासभर घाव घातल्यावर बुंध्यातून पहिला कडकडाट ऐकू आला.

"ओढा रे!" शेतकरी ओरडला.

गड्यांनी बैल हाकले. बाभूळ वरच्या रानाकडे आली, हे खरं. पण फांद्यांचं ओझं तिला खाली खेचत होतं आणि नाडा वर खेचत होता. या ओढाताणीत ती खुंटावर गरकन फिरली, मोकळा पट्टा सोडून तिरपी झाली आणि सगळ्या वजनानिशी आंब्यावर बसली.

बैल वाचले. गडी वाचले. आंबा कमरेएवढ्या उंचीवर मोडला. चुरडलेल्या मोहराचा वास सगळ्या रानात पसरला.

शेतकऱ्याने कुऱ्हाड खाली टाकली. तो म्हणाला, "पडली तर माझ्याच रानात."

दुसऱ्याला अपशकुन करायला आपलं नाक कापणारे लोक मी ऐकले आहेत. पण नाक कापून झाल्यावर आपणच जिंकलो असं सांगणारा हाच पहिला.

मला इथे त्या शेतकऱ्याचं काही वाटत नाही. त्याच्या बायकोचं वाटतं. ती रडली नाही, ओरडली नाही. काटे बाजूला सारत ती फांद्यांत शिरली, मोहराचा एक अख्खा राहिलेला तुरा खुडून घेतला आणि पदरात धरून उभी राहिली. कळशी पाण्याने भरलेली तशीच बाजूला होती.

म्हातारा लाकूडतोड्या उठून आला. "मालक, रागावू नका, पण तुमचा नियम मी माझ्या आज्याकडनं ऐकलाय," तो म्हणाला. "लई जुनी गोष्ट हाय. ह्याच गावात कुण्या गरिबाच्या उभ्या पिकावर बांधावरचं झाड कोसळलं. पीक गेलं, पोरं उपाशी राह्यची वेळ आली. तवा पंच म्हनले, ज्याचं नुकसान झालं, लाकूड त्यालाच द्या. म्हणून ज्याच्या रानात पडंल त्याचं. लाकूड ही भरपाई हुती, मालक. बक्षीस नव्हतं. तुम्ही भरपाईसाठी नुकसान ओढून आणलंत."

शेतकऱ्याने मान खाली घातली. पण लाकूड लाकूड असतं. ते रानात आडवं पडलेलं ठेवून चालत नाही. चार दिवस लाकूडतोड्या आणि गडी बाभळीचे ओंडके करत राहिले. पाचव्या दिवशी गाडी भरली, आणि तेव्हा शेतकऱ्याच्या ध्यानात आलं की गाडी बाहेर काढायला वाटच नाही. एका बाजूला विहीर आणि पाट, दुसऱ्या बाजूला ओंबीला आलेला गहू. रिकामी गाडी गव्हाच्या कडेने कशीबशी आत आली होती, पण ओंडक्यांनी भरलेली गाडी गव्हातून घातली असती, तर उरलंसुरलंही गेलं असतं. सरळ वाट एकच होती, बांध उतरून खालच्या रानातून. ती पुढे खालच्या बाईच्या दारावरून जात होती.

विचारायला त्याचे पाय उचलेनात. तरी तो गेला. अंगणात बाई गोवऱ्या रचत होती. कितीही रचल्या तरी त्या दोनशे पानांना पुरणाऱ्या नव्हत्या, हे उभ्याउभ्याही दिसत होतं.

"वहिनी, गाडी न्यायला वाट पायजे हुती."

"न्या की, भाऊजी," ती म्हणाली. "रान मोकळंच हाय. दगडगोट्यांतनं नेऊ नका तेवढं, बैलांचे खूर दुखतील." आणि ती पुन्हा गोवऱ्या रचायला लागली.

तिने टोमणा मारला असता, तर शेतकऱ्याला बरं वाटलं असतं. निदान उत्तर देता आलं असतं.

गाडी निघाली. शेतकरी गाडीच्या पुढे चालत होता, बायको मागून. खालच्या बाईच्या दाराशी गाडी आली, तशी बायको झपाट्याने पुढे झाली आणि तिने बैलांचा कासरा धरला.

"इथं उतरवा," ती म्हणाली.

"काय?"

"जळण इथं उतरवा."

"अगं, हे आपलं हाय. नियमानं आपल्या रानात पडलंय."

"नियमानंच बोलतेय मी," ती म्हणाली. "त्या म्हाताऱ्यानं काय सांगितलं? ज्याचं नुकसान झालं, लाकूड त्याचं. नुकसान कुणाचं झालं? सात वरसं कळशी कुणी वाह्यली? तुम्ही? आंबा माझा गेला. तवा लाकूड माझं. आन् माझं लाकूड मी ह्या घरच्या लग्नात जाळणार."

आतापर्यंत ज्या नियमाच्या जोरावर शेतकरी बोलत होता, तोच नियम आता बायकोच्या बाजूने उभा होता. मग त्याने गाडीच्या फळीचा अडसर काढला आणि पहिला ओंडका खांद्यावर घेतला. तो अंगणात टाकताना त्याचे डोळे भरून आले होते. खालची बाई धावत आली. "अगं बाई, कशाला? कशाला?" एवढंच ती म्हणत होती आणि शेतकऱ्याच्या बायकोचे दोन्ही हात धरून होती. त्या दिवशी तशा तीन गाड्या तिथे उतरल्या.

लग्न झालं. भात फडफडीत शिजला, आमटी ताटात पडेपर्यंत गरम राहिली, आणि दोनशेच्या जागी अडीचशे पानं उठली तरी निखारा विझला नाही. शेतकऱ्याची बायको चुलाण्यापाशी बसून जाळ सारत होती. शेतकरी पंगतीत पाणी वाढत होता. कुणीतरी त्याला विचारलं, "काय हो, बाभूळ तुमच्याच रानात पडली म्हणे?" तो म्हणाला, "माझ्या न्हाई. हिच्या आंब्यावर पडली."

मोडलेल्या आंब्याच्या खोडावर शेतकऱ्याने शेण-माती लिंपली. पुढच्या पावसात खोडाला दोन बारीक फुटवे आले. तेव्हापासून डोक्यावर कळशी घेऊन त्या आंब्याला पाणी घालायला तोच जातो. मोहर पुन्हा कधी येईल, असं बायकोने त्याला कधी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती, सात वर्षं त्यालाही मोजता येत होती.

त्या गावात आता पोरांना नियम शिकवताना आधी त्या गरिबाच्या पिकाची गोष्ट सांगतात आणि मग नियम सांगतात.

तात्पर्य: नियम पाठ करावा, पण तो कुणाच्या दुःखासाठी केला होता, ते त्याच्याआधी पाठ करावं. नाहीतर वठलेलं ओढून आणण्याच्या नादात आपल्याच घरचं मोहरलेलं मोडतं.