दोर वळणाऱ्यांच्या घरचा हरण्या

एक होता राजा. त्याच्याकडे सगळं होतं, नव्हती फक्त झोप. जरा डोळा लागला की कुठंतरी कुत्रं भुंकायचं. मग राजा चिडला. म्हणाला, "राज्यातली सगळी कुत्री बांधा आणि नदीत सोडा." राजेच ते! डास चावला तर तळी बुजवायला सांगतील.

आता एवढी कुत्री बांधायची म्हणजे दोर नकोत? नदीकाठच्या एका गावात हौसा नावाची बाई राहायची. तिचा नवरा रावबा आणि लेक तानी. तिघं मिळून अंबाडीचे दोर वळायची. गाईंची दावी, विहिरीचे नाडे, सगळं त्यांच्या हातचं. मग राजाचा शिपाई आला आणि गाडीभर दोर घेऊन गेला. पुन्हा आला, पुन्हा घेऊन गेला. कशाला हवेत, ते यांनी काही विचारलं नाही. घरात गूळ आला, तानीला नवं परकर-पोलकं आलं. मग कोण विचारतंय?

एकदा काय झालं, हौसा नदीवर अंबाडी धूत होती. वरून काहीतरी वाहत आलं. बघते तर कुत्रं, हरणाच्या रंगाचं. पाय बांधलेले, नाक तेवढं पाण्यावर. हौसा कमरेएवढ्या पाण्यात शिरली, त्याला काठावर ओढलं, विळ्यानं दोर कापला आणि पदरात गुंडाळून घरी आणलं. तानी तर नाचायलाच लागली. "आई, हा आपला हरण्या!"

"राजाला कळलं म्हणजे?" रावबा म्हणाला.

"भुंकला तर कळेल ना! याच्या तोंडून आवाजच फुटत नाही," हौसा म्हणाली.

पण कुत्रं घरी आणलं म्हणजे ते लगेच घरचं होत नाही, बरं का. हौसानं भाकरी दुधात कुस्करली आणि हातानं त्याच्यापुढं धरली. हरण्या भिंतीला अंग घासत मागं सरकला आणि तिथंच मुतला. हसू नका रे. भीतीनं मुतणाऱ्याला हसू नये. मग तानीनं आपली गोधडी त्याच्या अंगावर घातली. त्यानं गोधडीच्या चिंध्या केल्या. मग रावबाला वाटलं, मोकळं आहे म्हणून बिथरतंय, याच्या गळ्यात काहीतरी हवं. दोर वळणाऱ्याला दुसरं काय सुचणार? सगळ्यात चांगली अंबाडी निवडून त्यानं मऊ मऊ दोर वळला, त्याला तांबडा गोंडा लावला. स्वतःच्या बैलासाठीसुद्धा त्यानं कधी एवढं मन लावलं नव्हतं. तो दोर घेऊन रावबा वाकला मात्र, हरण्या उसळला आणि मध्ये आलेल्या तानीचा हात त्यानं चावून फोडला.

रावबानं काठी उचलली. "आत्ताच्या आत्ता बाहेर काढतो याला!" हौसा आडवी आली.

त्या काळी कुत्र्यांना बोलता यायचं. पण जन्मात एकदाच, एकच वाक्य. बहुतेक कुत्री ते मरताना धन्याला सांगायला राखून ठेवायची. हरण्यानं ते तिथंच खर्चलं. हौसाकडं बघून तो म्हणाला, "ज्या दोरानं मला बांधलं, त्याला तुमच्याच हातांचा वास होता."

रावबानं काठी खाली ठेवली. हौसा मनात मोजायला लागली. गाड्या भरभरून दोर गेले होते. म्हणजे किती कुत्री?

मग तिनं राखेनं हात घासले. मग चिंचेनं घासले. मग शिकेकाईनं, कातडी सोलवटेपर्यंत. हरण्या लांबूनच हुंगायचा आणि मागं सरकायचा. शेवटी तिनं घरातली सगळी अंबाडी उकिरड्यावर नेऊन टाकली.

"आजपासून दोर वळायचे नाहीत."

"मग खायचं काय?" रावबानं विचारलं.

"लोकांच्या शेतात खुरपायला जाऊ."

शिपाई आला, त्याला दोर मिळाले नाहीत. जाताना दारातली शेळी ओढून घेऊन गेला मेला. आणि म्हणून राजा थांबला, असं समजू नका. त्यानं पलीकडच्या गावातून दोर घेतले. नदीतून कुत्री वाहतच राहिली. हौसा प्रत्येक वेळी पाण्यात धावायची. पण पुन्हा एकही जिवंत हाती लागलं नाही.

मग दिवस गेले, महिने गेले. तानी लहान, तिच्या हातांचा वास लवकर उडाला. एका सकाळी हरण्यानं तिच्या ओंजळीतली भाकरी खाल्ली. रावबा हे काम लग्नानंतर शिकलेला, मग पुढं केव्हातरी त्याच्याही हातची खाल्ली. हौसा मात्र माहेरीही दोरच वळत आलेली, अगदी आईच्या मांडीवर बसायची तेव्हापासून. तिच्या हातांतून तो वास गेलाच नाही. तिला राग नाही का आला? आला तर! "मीच ना ओढलं याला पाण्यातून?" असं म्हणायची. आणि मग आपल्या हातांकडं बघत राहायची.

तिनं काय केलं सांगू? रोज संध्याकाळी ती भाकरीचं भांडं अंगणात ठेवायची आणि स्वतः भिंतीआड जाऊन उभी राहायची. ती दिसेनाशी झाली की हरण्या यायचा. त्याचं लपलप खाणं तिला भिंतीआडून ऐकू यायचं. तेवढंच तिच्या वाट्याला आलं. हरण्या म्हातारा होऊन मेला, तोवर हे असंच चाललं.

तर राजा सुखानं झोपला, तानी सुखानं नांदली, रावबाचं बरं चाललं, हरण्या पोटभर जेवला. हौसाही सुखात राहिली, असं गोष्टीत म्हणायचं असतं. म्हटलं मी. आता मिटा डोळे.